माईकसाठी एफडी मोडू नकोस

नागपूर,
१८ मे

प्रिय सुध्या,

तुझा तो लांबलचक मेसेज चार दिवसांपूर्वी वाचला आणि तेव्हापासून मनात उत्तर लिहितोय. फोनवर बोललो असतो, पण फोनवर तू माझं ऐकत नाहीस, मध्येच 'बरं ते जाऊ दे' म्हणतोस. म्हणून पत्र. कागदाला मध्येच तोडता येत नाही.

रात्रीचे अडीच वाजलेत. आत्ताच एक रेकॉर्डिंग आटोपलं आणि कूलर पुन्हा चालू केला. मे महिन्यात इथे दिवसा काम करायची सोयच नाही. पारा ४५ वर, आणि वाड्यातल्या प्रत्येक खिडकीत एकेक कूलर असा घुरघुरतोय की जणू गिरणीत राहतो आहोत. आमचा बंद केला तरी शेजाऱ्यांचा चालूच. त्यांना काय म्हणणार, माझ्या माईकसाठी उकडून मरा? शेवटी महालातल्या या जुन्या घराची मधली खोली कामी आली. तिला एकही खिडकी नाही, भिंती हातभर जाड, पूर्वी तिथे धान्याच्या कोठ्या असायच्या. आजीच्या गाद्या भिंतींना लावल्या, वरून गोधड्या. गाणारा घामाने निथळतो, पण शांतता अशी की त्याचं आवंढा गिळणंसुद्धा ऐकू येतं.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. मुंबईचा कुणी बंद पडलेल्या स्टुडिओतला जुना नॉयमन यू ८७ (जर्मन कंपनीचा तो नावाजलेला माईक) विकतोय, 'सत्तरच्या दशकातला, ओरिजिनल', आणि तू त्यासाठी एफडी मोडायला निघालास. अबे, जरा थांब. वहिनींना सांगितलंस का? नसशीलच.

मागच्या महिन्यात योगायोगाने माझ्या हाती तसाच माईक दोन दिवस होता. मुंबईत मी ज्या सरांच्या हाताखाली दोन वर्षं केबली गुंडाळल्या, ते आता मुलीकडे राहायला नागपुरात आलेत. त्रिमूर्तीनगरात. स्टुडिओ विकला, कन्सोल विकला, पण स्वतःचा यू ८७ तेवढा लाकडी खोक्यात घालून सोबत आणला. मी मागितला तर म्हणाले, "नेऊ नको. मीच घेऊन येतो." आणि ऑटोत मांडीवर खोकं ठेवून आले. लहान बाळाला आणावं तसे.

मग आम्ही तीन माईक एकाच स्टँडच्या आडव्या दांडीला बांधले. एक सरांचा. दुसरा टेक्सासच्या वॉर्म ऑडिओचा डब्ल्यूए-८७, त्याच जुन्या सर्किटवर बेतलेला, आत सिनेमॅगचा ट्रान्सफॉर्मर, तिकडे हजार डॉलरच्या आत मिळतो. तो मी इथल्या एका मित्राकडून आणला होता. आणि तिसरा माझा २००८ मध्ये घेतलेला स्वस्त चिनी कंडेन्सर (म्हणजे बारीकसारीक सगळं ऐकणारा नाजूक माईक), ज्याच्यावर माझं अर्धं आयुष्य गेलं. तिन्हींची तोंडं जवळजवळ चिकटलेली, म्हणजे गाणाऱ्याने एकदाच गायचं आणि तेच गाणं तिघांनी ऐकायचं. वेगवेगळे टेक घेऊन तुलना करणारे लोक मला कळतच नाहीत. माणूस दुसऱ्यांदा तसंच गातो का कधी? नंतर तिन्हींची पातळी अर्ध्या डेसिबलच्या आत जुळवली. हे सांगतो कारण तू हे करणार नाहीस: जो आवाज जरासा मोठा असतो तोच कानाला चांगला वाटतो, आणि मग माणूस तीन तीन पानं 'उबदारपणा'वर बोलत बसतो.

गायला काटोलकडचे एक खंजेरी भजनवाले काका आले होते. वय सत्तरीच्या आसपास, आवाज म्हणजे खरबरीत तांब्याचं भांडं. मांडी घालून बसले, खंजेरी छातीशी, आणि डोळे मिटून सुरू. फायलींना नुसती क, ख, ग नावं देऊन मी त्यांनाच हेडफोन लावला. क ऐकलं, ख ऐकलं, मान हलवली. ग लावताच हेडफोन काढून ठेवला. "ह्याच्यात माहे दात वाजून राह्यले," म्हणाले.

ग म्हणजे माझा.

सुध्या, हे 'दात वाजणं' मी पंधरा वर्षं डी-एसर (स-श चा चिरकेपणा दाबणारं सॉफ्टवेअर) लावून झाकत होतो आणि समजत होतो की स्वस्त माईक म्हणजे असंच असणार. सरांनी त्या रात्री कारण समजावलं, तेव्हा लाज वाटली की इतकी वर्षं हा प्रश्न आपण विचारलाच नाही.

गोष्ट अशी आहे. नॉयमनने १९६० मध्ये यू ६७ काढला. व्हॉल्ववाला, म्हणजे आत ट्रान्झिस्टरऐवजी काचेची नळी, ईएफ८६ नावाची. त्यासाठी जी कॅप्सूल (आवाज झेलणारा पडदा असलेला भाग) केली तिचा वरचा पट्टा, जिथे स-श वाजतात तो, मुद्दाम चढता ठेवलेला आहे, आठ-दहा हजार हर्ट्झच्या आसपास ती चांगलीच उसळते. पण ती उसळी तशीच बाहेर येऊ देत नाहीत. अँप्लिफायरमध्ये निगेटिव्ह फीडबॅक देऊन तेवढाच वरचा भाग खाली ओढलेला आहे. कॅप्सूल चढवते, सर्किट उतरवतं, दोघं मिळून सरळ. १९६७ मध्ये व्हॉल्व जाऊन ट्रान्झिस्टर आला, यू ८७ आला, तरी कॅप्सूलचा वंश तोच आणि उतरवायची युक्तीही तीच.

मग दोन हजारच्या सुमारास स्वस्त माईकची लाट आली. त्यातल्या पुष्कळांनी कॅप्सूल त्या वंशाची उचलली, कारण ती दिसते, जाळीतून सोनेरी चमकते, जाहिरातीत दाखवता येते. मागे सर्किट मात्र सपाट लावलं, वेगळ्याच जातीच्या माईकचं, ज्यात उतरवायची काही सोयच नाही. ट्रान्सफॉर्मरही नाही. म्हणजे फोडणीत तिखट दुप्पट घालायचं ठरलं होतं कारण मागून दही पडणार होतं, आणि ह्यांनी दहीच घातलं नाही. सावजीसुद्धा इतका जाळत नाही.

आणि आपल्या भाषेला हे जास्त झोंबतं. इंग्रजीत एक स आणि एक श. आपल्याकडे स, श, ष, वर चमच्यातला च वेगळा आणि चहातला वेगळा, 'माझा'मधला झ तर दातांच्या फटीतूनच येतो. 'चुलीजवळचे चार चमचे' असं माझ्या जुन्या माईकसमोर म्हणून बघ, कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतील. तू ऑडिओबुकं वाचतोस, तुला हे माझ्याहून जास्त नडणार.

आता क आणि ख. मला फरक सांगता आला नाही, खरंच सांगतो. काकांनाही नाही. सर मात्र तिसऱ्या मिनिटाला म्हणाले, "क माझा." कसं ओळखलंत विचारलं तर म्हणाले, समोरून नाही ओळखता येत, काका डोलतात तिथे बघ. आम्ही पुन्हा ऐकलं. समेवर येताना काका मान उजवीकडे टाकतात, खंजेरीकडे. तेवढ्या क्षणी ख मध्ये आवाज किंचित पातळ होतो, पत्र्यासारखा, आणि पुन्हा मान सरळ झाली की भरतो. क मध्ये आवाज लांब जातो, पण तोच राहतो. खंजेरीच्या चकत्यासुद्धा बाजूने आल्या तरी क मध्ये चकत्याच वाटतात, ख मध्ये किल्ल्यांचा जुडगा. एकदा दाखवल्यावर मला ते प्रत्येक समेला ऐकू यायला लागलं, आणि आता विसरता येत नाही. सरांवर थोडा रागच आहे.

तर मला दिसलेला फरक एवढा. समोरचा आवाज दोघांचा एक, बाजूचा वेगळा. आणि तू काय करतोस? खुर्चीत बसून, पॉप फिल्टरपासून वीतभर अंतरावर, सहा सहा तास पुस्तक वाचतोस. मान हलवलीस तर पानच चुकतं. मग त्या बाजूच्या आवाजासाठी एफडी मोडायची?

बरं, 'ओरिजिनल' म्हणजे तरी काय, हेही सरांनीच विचारलं. त्यांच्या माईकची कॅप्सूल दोनदा नवीन कातडी चढवून आलेली आहे. गाणाऱ्यांची थुंकी, सिगरेटचा धूर, मुंबईची दमट हवा, हे सगळं कॅप्सूलच्या त्या मायलरच्या, म्हणजे प्लास्टिकच्या, पापुद्र्यावर बसतं, ज्याची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी असते. नॉयमनच्याच आणखी जुन्या यू ४७ ची तर याहून वाईट गत. तो १९४९ चा, फ्रँक सिनात्रा ज्याला लाडाने 'टेली' म्हणायचा, कारण त्याच्यावर टेलिफुंकेनचा शिक्का असायचा. त्याच्या मूळ कॅप्सूलचा पडदा पीव्हीसीचा. तो वर्षानुवर्षं सुकत जातो, चिरतो. आतला व्हीएफ१४ नावाचा व्हॉल्व टेलिफुंकेनने बनवायचं बंद केलं, साठा संपत आला आणि त्याबरोबर माईकही बंद पडला. आज एखादा यू ४७ घेतलास तर बहुतेक वेळा त्यातलं काही ना काही बदललेलंच असणार. दोन जुने माईक शेजारी ठेवले तर ते एकमेकांसारखे वाजतीलच असं नाही. मग नव्या माईकने नेमकी कुणाची नक्कल करायची? खुद्द नॉयमननेच २०१८ मध्ये यू ६७ पुन्हा काढला, म्हणजे त्यांनाही कळलंय की जुन्या मालावर लोक किती दिवस जगणार.

यू ८७ बद्दल आणखी एक. १९८६ पासून जो मिळतो तो यू ८७ एआय, आणि तो जुन्यापेक्षा सुमारे १० डेसिबल जोरात वाजतो, एक कारण म्हणजे कॅप्सूलला जास्त व्होल्टेज मिळतं. वरचा पट्टाही जरा जास्त उजळ. जुना माईक बॅटऱ्यांवरही चालायचा, त्यामुळे त्याच्या पोटात बॅटरीचा कप्पा असतो. तुझ्या त्या विकणाऱ्याला तेवढंच विचार: कप्पा आहे का? उत्तर द्यायला त्याने वेळ लावला तर समज.

माझ्या जुन्याचं काय झालं ते सांगायचं राहिलं. सर म्हणाले टाकू नको, उघड. उघडला. जिथे ते उतरवणं राहून गेलं होतं तिथे दहा रुपयांचा एक कपॅसिटर जोडला, सरांनी चष्मा कपाळावर चढवून जागा दाखवली, मी डाग दिला. पहिल्या रात्री अफलातून. दुसऱ्या रात्री चुरचुर, मध्येच फट्, मध्येच पिंपात उंदीर. मला वाटलं कॅप्सूल गेली. झालं होतं एवढंच की डाग देताना माझा घामट अंगठा आतल्या एका रेझिस्टरवर फिरला होता. तिथे शंभर कोटी ओहमचा रेझिस्टर असतो राजा, म्हणजे बोटाच्या तेलकटपणातूनसुद्धा वीज वाट काढते, आणि मी कूलरची ओली हवा थेट त्या टेबलावर सोडलेली. आयसोप्रोपिल अल्कोहोलने कान कोरायच्या काडीवर कापूस लावून पुसला, दोन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवला (सर हसले, पण ठेवला), आणि गप्प झाला. आता पावसाळ्यात काय करतो बघायचं.

आज रात्री त्याच माईकवर काकांची दोन भजनं घेतली. दात वाजले नाहीत. डब्ल्यूए-८७ इतका तो अजूनही नाही, खालच्या सुरात जरा पोकळ वाटतो, पण डी-एसर काढून टाकला. पंधरा वर्षांनी.

तुला काय घ्यायचं ते सांगतो. तुझी खोली तू अजून तशीच ठेवली असशील, तीन बाजूंना काचेची कपाटं आणि खाली गुळगुळीत टाइल्स. तिथे कुठलाही कंडेन्सर आण, नवा आण नाहीतर बर्लिनहून आण, तो आधी तुझी कपाटं रेकॉर्ड करणार आणि मग तुला. लहानपणी बालकार्यक्रमासाठी सिव्हिल लाइन्सला आकाशवाणीत गेलो होतो ते आठवतं? तो जाड दरवाजा लागला की कानात कापूस घातल्यासारखं व्हायचं, आणि तू घाबरून कविताच विसरलास. ती खोली होती. आधी पडदे घे, जाड, लोकरीची घोंगडी मिळाली तर उत्तम. त्यावर काही उरलं तर शुअरचा एसएम७बी माईक बघ. डायनॅमिक आहे, म्हणजे कंडेन्सरपेक्षा मंद कानाचा, जवळून बोलावं लागतं, प्रीअँपला (माईकचा आवाज वाढवणाऱ्या भागाला) साठेक डेसिबल गेन ओढावा लागतो आणि स्वस्त इंटरफेस (माईक कॉम्प्युटरला जोडणारा डबा) तिथे सूं करायला लागतो, हे खरं. पण खोलीकडे तो कमी लक्ष देतो. मायकल जॅक्सनचा १९८२ चा अल्बम बराचसा त्याच्याच थोरल्या भावावर, एसएम७ वर गायलेला आहे, तेव्हा कमीपणा वाटून घेऊ नको. आणि तरी कंडेन्सरच हवा असला तर नव्या नकलांपैकी एक घे, फक्त घेण्यापूर्वी विचार की सर्किटसुद्धा त्याच माईकचं आहे ना, की नुसती कॅप्सूल.

एफडी राहू दे. श्रियाच्या कॉलेजला लागेल.

डिसेंबरात ये. तेव्हा कूलर माळ्यावर गेलेले असतात, संत्री आलेली असतात, आणि दिवसाउजेडी काम करता येतं. सकाळी तर्री पोहे खाऊ, मग तुझं एखादं प्रकरण तिन्ही माईकांवर वाचू. सरांनाही बोलावतो, ते तुझ्या 'च'वर काय म्हणतात ते ऐकायचंय. येताना बाकरवडी आण आणि ती माझी निळी एक्सएलआर केबलही आण, २०१६ पासून तुझ्याकडे आहे.

वहिनींना नमस्कार, श्रियाला आशीर्वाद.

तुझा,
मन्या

ता. क. : कप्प्याचा फोटो मागवलास की मला पाठव. सरांना दाखवतो.