राखुंडीचे गोडवे आणि आमच्या आईचा पदर

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला राखुंडीवरचा, म्हणजे राखेच्या दंतमंजनावरचा लेख वाचला. दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा वाटलं गंमत म्हणून लिहिलाय. आपल्या आज्यांना ब्रश ठाऊक नव्हता, तरी ऐंशीव्या वर्षी त्या दातांनी ऊस सोलत होत्या म्हणे. कुणाच्या आज्या? लेखकमहाशयांनी गाव कळवावं, जाऊन पाया पडून येईन. सोबतच्या फोटोतल्या हसऱ्या आजींचे दात मी चष्मा पुसून पाहिले. सगळे एका उंचीचे, एका रंगाचे, कुठे फट नाही की झीज नाही. साहेब, ती कवळी आहे. मी स्वतः सहा वर्षं खालच्या चार दातांची कवळी लावते, तेव्हा एवढं मला कळतं.

आमच्या कराडकडच्या आज्यांच्या हातात राखुंडी कमी आणि मशेरीच जास्त. तिचा लेखात एका अक्षरानंही उल्लेख नाही. सोयीचं आहे. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, घरभर ठसका उठायचा, मग ती चुरून डबीत भरायची. त्याच तव्यावर नंतर भाकरी. सकाळी परसात बसून बोटानं दातांना लावायची, दुपारी भांडी झाल्यावर पुन्हा, रात्री निजताना पुन्हा. दात घासायला कुणाला दिवसातून तीनदा अर्धा अर्धा तास लागतो? पण 'तलफ' म्हटलं की व्यसन ठरतं आणि 'दात घासतेय' म्हटलं की सासूही काही बोलत नाही. शिवाय मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, हे कारण तयारच.

मी अकरा वर्षांची असताना माझी दाढ ठणकली. थोरल्या काकूनं चिमूटभर मशेरी दाबली. गरगरलं, ओकारी आली आणि दाढ गप्प झाली. कीड तशीच राहिली, पण मशेरी लागली. डी.एड.च्या वसतिगृहात मुली माझ्या बोटाला हसायला लागल्या तेव्हा कुठे सुटली. आईची शेवटपर्यंत सुटली नाही. पंचेचाळिशीत तिचे खालचे पुढचे दात एकेक करून हलले आणि पडले. ती भाकरी दुधात कुस्करून खायची. माझ्या लग्नाच्या फोटोत तिनं तोंडावर पदर धरलाय. पाहुणे म्हणतात, केवढी मर्यादा! मर्यादा नव्हे हो ती. फोटोग्राफर 'हसा' म्हणाला होता. तुमच्या लेखातल्या मोत्यासारख्या दातांच्या ओळीवर आलं की मला तो पदर दिसतो, आणि म्हणून हे पत्र.

तंबाखू घातलेल्या पेस्टी आणि मंजनांवर सरकारनं १९९२ मध्ये बंदी घातली, सर्वोच्च न्यायालयानं ती १९९७ मध्ये कायम केली. पण आमच्या चुलीवरच्या तव्याला कोर्टाची नोटीस कोण लावणार? ते काम खरं तर तुमच्यासारख्यांचं. तुम्ही मात्र कोळसा, मीठ आणि लिंबू यांची कृती छापता, तीही प्रमाणासकट. आंबटानं दाताचं वरचं कवच मऊ पडतं, त्यावर कोळसा रगडला की ते झिजतं आणि एकदा गेलेलं कवच परत येत नाही. पांढरे दिसतात चार दिवस. पितळेची भांडीही दिसतात. (वडील कडुनिंबाची काडी चावून तिचा मऊ कुंचा करत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यांचे दात बरे होते.)

'हिरड्यांतून रक्त आल्यास ब्रश बंद करून बोटानं मंजन लावावं' हे वाक्य कुणी तपासलं होतं का? माझे चार दात याच शहाणपणानं गेले. रक्त दिसलं की मी ती बाजू सोडून घासायची. दातांवरचा चिकट थर रोज निघाला नाही की लाळेतल्या क्षारांनी त्याचं दगडासारखं किटण होतं, ते हिरडीखाली उतरतं आणि मग ब्रशच्या बापाला निघत नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा लाजच वाटली: 'मॅडम, घाण आहे म्हणून रक्त येतं, घासल्यामुळे नाही.' मऊ ब्रश, हिरडीच्या कडेशी तिरका धरून, दोन मिनिटं, सकाळी आणि रात्री झोपताना. बाकीच्या दातांचं किटण काढल्यावर पंधरा दिवसांत रक्त थांबलं. शेजारच्या काकू म्हणत होत्या, साफ करून घेतले की दात हलतात. अहो, माझे आधीपासूनच हलत होते, किटणानं जखडून ठेवले होते इतकंच.

पेस्टमधल्या फ्लोराइडची भीती घालण्यासाठी पिवळे डाग पडलेल्या मुलांचे दात छापलेत. ते डाग चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडच्या बोअरच्या पाण्याचे. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड असलेलं पाणी लहानपणापासून पोटात गेलं की असे दात होतात. त्या गावांना चांगलं पाणी द्या म्हणून अग्रलेख लिहा, मी पहिली टाळ्या वाजवीन. पेस्ट थुंकायची असते. लहान मुलाला तांदळाएवढी, थोडं मोठं झाल्यावर वाटाण्याएवढी. जाहिरातीतल्यासारखी ब्रशभर नागमोडी नव्हे.

जाहिरातीवरून आठवलं. त्याच पुरवणीच्या मागच्या पानावर, अर्धं पान, सुटाबुटातला नट 'वेलची' खातोय. साठ वर्षांच्या बाईलाही कळतं ती कसली वेलची ते. राज्यात गुटखा २०१२ पासून बंद आहे आणि आमच्या एसटी स्टँडबाहेर तो टपरीवर मागाल तेव्हा मिळतो. पुढच्या पानावर दातांची काळजी, मागच्या पानावर वेलची. जागेचा भाव आम्हाला माहीत नाही, पण दोन पानांमध्ये निदान एक रविवार तरी जाऊ द्यायचा.

माझं मागचं पत्र तुम्ही मधूनच कापलं होतं आणि त्यामुळे मी नळपट्टी वाढवा म्हणतेय असा गावात समज झाला. या वेळी जागा कमी पडली तर फ्लोराइडचं कापा, फोटोचं ठेवा. आणि नाव छापू नये. जाऊबाईंकडेही तुमचाच पेपर येतो आणि त्यांची डबी अजून दिवाणाखाली आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, कराड