विसार घेऊ नका

लिरा, 3 मार्च

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, घराखालचं परडं आणि पाणंदीपलीकडचा मळा विकत घ्यायचा म्हणून बघायला माणूस येऊन गेला, असं तुम्ही फोनवर सांगितलंत तेव्हा माझ्या तोंडून शब्दच फुटेना. रेंज गेली म्हणाले, ते खरं नव्हतं. म्हणून आज बसून लिहिते आहे. आई, तू हे बाबांना वाचून दाखव. मोतीबिंदूचं ऑपरेशन होईपर्यंत त्यांनी डोळ्यांना ताण द्यायचा नाही.

दोन वर्षं झाली इथे येऊन, पण हे लिरा गाव कसलं आहे ते तुम्हांला नीट सांगितलंच नाही. गालिसिया म्हणजे स्पेनचा वायव्य कोपरा, पोर्तुगालच्या डोक्यावरचा. इथे गावाला 'पार्रोकिया' म्हणतात, म्हणजे एका चर्चच्या घंटेखाली येणारी घरं. अख्ख्या गालिसियात असे पावणेचार हजारांच्या आसपास पार्रोकिया आहेत. कागदोपत्री कारभार कार्नोता नगरपालिकेचा. पण कुठली विचारलं की बाई लिराची म्हणून सांगते, आपण आधी वाडीचं नाव सांगतो तसं.

खिडकीतून समुद्र दिसतो आणि समुद्रापर्यंत वावरं. वावरं तरी केवढी! आपल्या खळ्याएवढी एकेक, प्रत्येकीला दगडाचा गडगा. चिऱ्याच्या जागी काळपट ग्रॅनाइट, एवढाच फरक. कोबी इथे गड्डा धरत नाही, उंच दांड्यावर पानं येतात, खालची खुडून घ्यायची. बाकी मका, बटाटे आणि थंडीत सलगमचा पाला. उत्तरेला कार्नोताची सातेक किलोमीटरची वाळूची पुळण आणि तिच्यापुढे पिंदोचा उघडाबोडका डोंगर. ऊन कललं की त्याचा खडक गुलाबी होतो. या सगळ्या किनारपट्टीला 'मृत्यूचा किनारा' म्हणतात, इतकी गलबतं इथे फुटली आहेत.

माझी घरमालकीण 81 वर्षांची आहे. मी तिला 'आवोआ' म्हणते, म्हणजे आजी. गेल्या आठवड्यात तिच्याबरोबर बटाटे लावले. फेब्रुवारीतल्या वादळानं किनाऱ्यावर समुद्रशेवाळाचे ढीग आणून टाकले होते. त्याला इथे 'आर्गासो' म्हणतात. ते ट्रॅक्टरनं आणून वावरात पसरलं, वर शेणखत टाकलं, मग सरीत बटाटे. पूर्वी हेच बैलगाडीतून यायचं, आणि त्या गाड्यांच्या आसाची करकर दोन वाड्या पलीकडे ऐकू जायची, असं ती सांगते. बाबा, तुम्ही माडाच्या आळ्यात सुक्या मासळीचा कुटा घालता ना, मला तोच वास आला. हात धुतले तरी दोन दिवस गेला नाही, आणि मला तो जायला नको होता.

आई, तुला इथली मक्याची भाकरी खाऊ घालायची आहे. जाडजूड, भट्टीत भाजलेली, आणि खाली कोबीचं पान. भाकरी उलटली की पानाच्या शिरा तिच्या पाठीवर उमटलेल्या असतात. पहिल्यांदा पाहिली तेव्हा तुझी हळदीच्या पानातली पानगी आठवून मी ताटावरून उठले होते.

मका ठेवायला प्रत्येक घरापुढे 'ओर्रेओ' असतो. आपली कणगी घरात, यांची अंगणात. दगडी खांबांवर उभी केलेली लांबट कोठी, भिंतींना वाऱ्यासाठी फटी, वर क्रूस. खांब आणि कोठी यांच्यामध्ये चपटा, रुंद दगड बसवलेला असतो. उंदीर खांबावरून चढतो, पण त्या दगडाच्या कडेला येऊन अडतो. शेजारच्या कार्नोतात चर्चचा ओर्रेओ आहे, 1768 साली बांधलेला, नंतर वाढवलेला, 34 मीटरच्या वर लांब. आमच्या लिराचा त्याहून थोडा लांब, 36 मीटर. चुरशीनं बांधला म्हणतात. दोन्हींत धान्य कुठून आलं? शेतकऱ्यांनी पिकाचा दहावा हिस्सा चर्चला द्यायचा, त्यातून. आजोबा खोताला पिकातून द्यायच्या मक्त्याच्या गोष्टी सांगायचे, त्या मला तिथे उभी असताना आठवल्या.

पण आज घराघरांतले निम्मे ओर्रेओ रिकामे आहेत. आवोआचे वडील ब्यूनोस आयरिसला गेले ते परत आलेच नाहीत. या भागातून इतकी माणसं तिकडे गेली की अर्जेंटिनात कुठल्याही स्पॅनिश माणसाला 'गाल्येगो' म्हणतात. ती स्वतः 11 वर्षं स्वित्झर्लंडमध्ये हॉटेलच्या खोल्या साफ करत होती. हे घर त्या पैशांवर उभं राहिलं, आपलं आजोबांच्या गिरणीच्या पगारावर राहिलं तसंच. तिची मुलं आता माद्रिदला. मागची सहा वावरं पडीक पडली. आधी काटेरी झुडपं आली, मग कोणी तरी निलगिरी लावली, कारण निलगिरीला माणूस लागत नाही. ती भराभर वाढते आणि तितक्याच झपाट्यानं पेटते. 2013 च्या सप्टेंबरात पिंदो जळाला, तेव्हाची राख तिच्या कपड्यांवर पडली होती. ती आजही त्या बाजूला बोट दाखवून गप्प होते.

बाबा, आता मुख्य गोष्ट. इथले पुष्कळ डोंगर सरकारचे नाहीत आणि कुणा एकाचेही नाहीत. ते गावकऱ्यांचे सामायिक आहेत. 1989 चा कायदा सांगतो की ते विकता येत नाहीत, वाटता येत नाहीत, जप्तही होत नाहीत. मग हक्क कोणाचा? जुना शब्द आहे, 'कासा आबेर्ता ए कोन फुमे', उघडं घर आणि त्यातून धूर. ज्याच्या घरात चूल पेटते त्याचा. गाव सोडलं की हक्क थांबतो, वारसानं मिळत नाही. येऊन कायम राहिलात की मिळू शकतो. आवोआनं मला हे समजावलं तेव्हा ती चुलीत लाकूड सारत होती.

आपल्या जमिनीला असं कुठलंच कवच नाही. सातबाऱ्यावर चौदा नावं, त्यातली पाच वारलेली, फेरफार अर्धवट. तुकड्यांना कंटाळून तुम्ही विकायला निघालात हे मला कळतं. पण परड्यात तुकडे नाहीत, ते सलग आहे. आणि ते गेलं की घर नुसतं चार भिंती राहील.

म्हणून मागणं आहे. त्या माणसाकडून विसार घेऊ नका. साठेखतावर सही करू नका. मी 10 मेला येते. माझं काम लॅपटॉपवरचं, इथल्या सांतियागो शहरातल्या ऑफिसनं वर्षातले चार महिने बाहेरून करायला लेखी परवानगी दिली आहे. पेरणीपासून गणपतीपर्यंत मी घरी असेन, या वर्षी आणि पुढेही. मळ्यात शेजारच्या काकींबरोबर अर्धलीनं, निम्म्या वाट्यावर, भात लावू, वरच्या भरडात नाचणी. ऑपरेशनचे आणि कौलांचे पैसे मी या महिन्यात पाठवते. ताईशी बोलले आहे, तिची हरकत नाही. तलाठ्याकडे मी तुमच्याबरोबर येईन, आणि मुलींची नावं लावायची राहिली आहेत ती लावून घेऊ.

आई, पडवळाचं बी राखेत घालून ठेव. आणि पुण्याला ताईकडे जाल तेव्हा काकींना किल्ली द्या, संध्याकाळी न्हाणीतलं चुलवण पेटवायला सांगा. मी त्यांना फोन करतेच आहे.

तुमची,
धाकटी