कोंबडी पण पक्षीच की! : पाळीव प्राण्यांच्या दुकानाच्या परवान्याबद्दल खुलं पत्र

मा. पशुसंगोपन व पशुवैद्यकीय सेवा मंत्री,
कर्नाटक सरकार, बेंगळुरू यांस,

विषय : पाळीव पक्षी-प्राण्यांच्या दुकानाला स्थानिक परवाना मिळण्याबाबत.

साहेब, सा. न. वि. वि.

सीमाभागातल्या एका तालुक्याच्या गावी माझं पक्ष्यांचं आणि माशांचं दुकान आहे. अकरा बाय सोळाचा गाळा. डाव्या भिंतीला माशांच्या टाक्या, उजवीकडे पिंजरे, मागं ससे आणि गिनीपिग, काउंटरखाली राळ्याचं पोतं. गिऱ्हाईक आत आलं की एका वेळी दोघंच नीट उभी राहतात. एवढ्याशा दुकानासाठी मंत्र्यांना पत्र कशाला, असं घरातले म्हणाले. पण गेली दीड वर्षं एकाच कागदासाठी ज्या खिडक्या फिरलो, त्यांतली एकही खिडकी हे काम आपलं आहे असं म्हणत नाही. म्हणून वरच लिहितोय.

पत्र मराठीत आहे. राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क घटनेच्या ३५० व्या कलमानं दिलाय, तेवढाच घेतलाय. सोबत कन्नड प्रत जोडली आहे. ती माझ्या पुतणीनं करून दिली, ती कन्नड माध्यमात शिकली. करताना हसत होती. म्हणाली, "काका, ह्यात बदलायचं काय? अर्जी तीच, दाखले तेच, परवानगी पण तीच." सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तो तिथं राहू दे. माझा प्रश्न टेबलावरचा आहे.

तर झालं असं. दुकान काढायच्या आधी परवाना काढावा म्हणून मी कचेरीत गेलो. लायसन देणाऱ्या टेबलावरचे गृहस्थ चांगले होते, त्यांनी बसायला सांगितलं. कॉम्प्युटरवर धंद्यांची यादी उघडली आणि बोटानं खाली सरकवत गेले. पिठाची गिरणी, पंक्चर, केशकर्तन, बेकरी, वेल्डिंग. पक्ष्यांचं दुकान काही सापडेना. पुन्हा वरून खाली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "चिकन सेंटरमध्ये टाकू काय? कोंबडी पण पक्षीच की."

ते थट्टा करत नव्हते, माझं काम व्हावं म्हणूनच बोलत होते. पण मला ते पटेना. मी म्हटलं, साहेब, तिथं विकलं की मान कापतात, माझ्याकडनं नेलं की नाव ठेवतात. ते हसले आणि म्हणाले, "नाळे बर्री." उद्या गेलो. मग परवा. असे आठ-दहा 'नाळे' झाल्यावर शेवटी 'पशुखाद्य विक्री' या नावाखाली पावती फाडून दिली. राळे विकतो म्हटल्यावर ते खोटंही नव्हतं. मीही घेतलं. ती माझी चूक, आणि ती मी इथं लिहून देतोय.

वर्षभर काही झालं नाही. मग तपासणीला माणसं आली. कागद बघितला, पिंजरे बघितले. "लायसन पशुखाद्याचं, मग हे ससे कशाला?" सात दिवसांत खुलासा द्या. खुलासा घेऊन गेलो, तर सांगितलं की या धंद्याला आधी राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी लागते, ती आणा, मग बघू. नोंदणीचा अर्ज भरून देणाऱ्याकडे गेलो, तर तो म्हणाला, आधी इथल्या लायसनची नक्कल आणा. ती मागायला परत त्याच टेबलावर. आमच्या आजीच्या वेळी तेलाच्या घाण्याभोवती बैल फिरायचा म्हणतात. तो तरी शेवटी तेल पाडायचा.

आता कायद्याबद्दल. मला वाटलं होतं, कायदा आमच्यासारख्यांना छळायलाच केलाय. म्हणून एकदा २०१८ चे पेट शॉप नियम समोर घेऊन बसलो. प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा १९६० चा, त्याखाली केंद्रानं हे नियम केले आहेत. वाचून झाल्यावर खरं सांगतो, माझं मत बदललं. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. अठरा वर्षांखालच्या पोराला प्राणी विकायचा नाही. आजारी जनावर वेगळं ठेवायचं. विकलेल्या-घेतलेल्याची वही ठेवायची. यात वाईट काय आहे? ज्यानं चार वर्षं पक्षी सांभाळलेत त्याला हे कुणी सांगावं लागत नाही.

आणि लाईट गेल्यावरची सोय ठेवा, असंही त्यात आहे. ते वाचून वाटलं, लिहिणारा कधीतरी आमच्याकडे पावसाळ्यात राहून गेला असावा. जुलैत इथं चार-चार दिवस ऊन दिसत नाही. बजरीगर पक्षी मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या रानातला (आमच्याकडे सगळे त्याला लव्हबर्डच म्हणतात, खरा लव्हबर्ड वेगळा, पण दुरुस्त करून करून मी दमलो). ओल त्याला मानवत नाही. रात्री पिंजऱ्यांवर गोणपाट टाकतो, आत चाळीसचा बल्ब लावतो, मडक्यात पिल्लं असली तर मडक्याला हात लावून ऊब बघतो. लाईट गेली की बल्ब विझतो आणि टाकीचा पंपही थांबतो. मग मासे वर येऊन तोंडं उघडत पाण्याला चिकटतात. अशा एका रात्री मी आणि बायकोनं तांब्यानं पाणी वरून ओतत तीन तास काढले. गोल्डफिश वाचले, मॉली निम्म्या गेल्या. दुसऱ्या दिवशी बॅटरीवरचा पंप आणला. तपासणीवाल्यांनी ससे मोजले, पण लाईट गेली तर काय करता, हे नाही विचारलं.

त्या नियमांत 'पाळीव प्राणी' म्हणजे कोण, याची यादी दिली आहे. कुत्रा, मांजर, ससा, गिनीपिग, हॅमस्टर, उंदीर जातीतले आणि पिंजऱ्यातले पक्षी, तेही ज्यांच्या खरेदी-विक्रीला दुसऱ्या कायद्यानं बंदी नाही असे. या यादीत मासा नाही. माझी निम्मी विक्री माशांची, तरी टाक्यांसकट सगळं दुकान बंद करा म्हणून नोटीस. गप्पी मासे तर डासांच्या अळ्या खातात म्हणून सरकारी आरोग्यवालेच विहिरी-टाक्यांत सोडतात. नियम त्या टेबलावर कुणी वाचलेत का, हा माझा साधा प्रश्न आहे.

नोंदणीची फी ५,००० रुपये, मुदत पाच वर्षं. वर्षाला हजार पडले. ती कमी करा असं मी म्हणत नाही, उद्या चलन द्या, उद्या भरतो. पण मूळ कायद्यातलं अकरावं कलमही वाचलं. जनावराला क्रूरतेनं वागवलं आणि पहिल्यांदा सापडला, तर दंड किमान १० रुपये आणि जास्तीत जास्त ५०. १९६० साली पन्नास रुपयांना किंमत असेल. आज त्यात माझ्याकडे दोन किलो मिक्स दाणासुद्धा येत नाही. सरळ दारानं येणाऱ्याला पाच हजार आणि एवढी पायपीट. जनावराला मारहाण करणाऱ्याला पन्नास, तेही पकडला तर.

पकडत कोण नाही, तेही सांगतो. बाजाराच्या दिवशी झाडाखाली एक माणूस मोटरसायकल लावतो. मागं भाजीचं प्लॅस्टिक क्रेट, वर ओलं फडकं, आत कुत्र्याची पाच-सहा पिल्लं. मी एक हातात घेतलं होतं. डोळे नुकते उघडलेले, पोट फुगलेलं, हिरड्यांवर रंग नाही. "वय काय?" विचारलं तर म्हणाला, दोन महिने. महिन्याचंही नसेल. 'मुधोळ' म्हणून विकत होता. साहेब, मुधोळचा कुत्रा ही आपल्या राज्याची शान. घोरपड्यांच्या संस्थानात त्याची जात सांभाळली गेली, २००५ साली त्याचं टपाल तिकीट निघालं, सैन्यानंही त्याला घेतलं. आम्ही मराठीत त्याला कारवान म्हणतो. त्या क्रेटमधलं पिल्लू कारवान नव्हतं, आणि ते आठवडा काढेल असंही मला वाटलं नाही. त्या माणसाला कुणी लायसन मागत नाही. कारण त्याला दुकान नाही, पाटी नाही, नोटीस चिकटवायला शटर नाही.

माझ्याकडे पाटी आहे, नियमाप्रमाणे साठ टक्के कन्नड. म्हणून नोटीस माझ्याकडेच येते.

आणखी एक गोष्ट. दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी पोरगा पिशवीत पोपटाची पिल्लं घेऊन दारात येतो. झाडाच्या ढोलीतनं काढलेली, अंगावर अजून पिसं नाहीत, चोच उघडून सारखी ओरडत असतात. "अण्णा, घेता काय? दोनशेला एक." मी घेत नाही. आपला पोपट, मैना, मुनिया यांची विक्री १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, हे मी त्याला समजावून सांगतो, पिल्लं परत ढोलीत ठेव म्हणतो. ही पोरं ती ठेवत नाहीत, हेही मला माहीत आहे. गिऱ्हाईक तर रोज विचारतं, मिठू आहे का, बोलणारा. नाही म्हटलं की समोरच्या गल्लीत जातं. माझ्यासारख्या दुकानाला शटर लावलं, तर ही विक्री थांबणार नाही. ती फक्त दिसेनाशी होईल, मोबाईलवरच्या ग्रुपवर जाईल, आणि 'हे बेकायदा आहे' असं त्या पोराला सांगणारं एक माणूस कमी होईल.

पक्षी मी कोल्हापूरहून आणतो. भोकं पाडलेला खोका मांडीवर घेऊन स्वतः येतो, टपावर टाकत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या बसगाड्या थांबल्या, तेव्हा मी बारा जोड्या घेऊन कोल्हापूरच्या स्टँडवर होतो. वडापच्या खासगी गाडीनं हद्दीवरच्या कोगनोळीपर्यंत आलो, पुढं खोका छातीशी धरून चालत निघालो, अलीकडे दुसरी गाडी मिळाली. आतून सगळ्या वाटेनं किलबिल. रस्त्यावर उभ्या पोलिसानं विचारलं, खोक्यात काय? मी झाकण जरा उचलून दाखवलं. तो कन्नडमधून म्हणाला, पाणी दिलंस काय यांना? एवढ्या दिवसांत नेमका प्रश्न विचारलेला सरकारी माणूस तोच एक.

म्हणून मागणं एवढंच आहे. नियम केंद्राचे असले तरी राबवायचे राज्यानं आहेत, आणि तुमच्याच खात्याचे पशुवैद्यकीय अधिकारी प्रत्येक तालुक्यात बसलेले आहेत. माझा ससा शिंकला तर मी त्यांच्याकडेच जातो. दुकानाची पाहणी त्यांनाच करू द्या. पिंजरा पुरेसा आहे का, पाणी स्वच्छ आहे का, आजाऱ्याला वेगळी जागा आहे का, हे त्यांना एका नजरेत कळतं. त्यांच्या अहवालावर स्थानिक परवाना मिळावा, आणि तोच कागद पुढं मंडळाकडे जावा, म्हणजे आधी अंडं की आधी कोंबडी हा घोळ मिटेल. नगरविकास खात्याला सांगून धंद्यांच्या यादीत आमच्यासाठी एक ओळ घाला. 'पशुखाद्य' नको, 'चिकन सेंटर' तर नकोच.

आणि नियमांची एक मराठी प्रत तालुक्याला मिळू द्या. ज्या भागात पंधरा टक्के किंवा जास्त लोक एखादी भाषा बोलतात, तिथं महत्त्वाचे नियम आणि सूचना त्या भाषेतही काढायच्या, हे १९६१ सालीच मुख्यमंत्र्यांच्या परिषदेत ठरलं होतं. ही माझी भाषिक मागणी म्हणून बघू नका. माझ्या मदतीला असलेला पोरगा आठवीपर्यंत मराठी शाळेत शिकलाय. दिवसभर पिंजरे तोच साफ करतो. नियम त्याला वाचता आले, तर त्याचा फायदा सशाला होईल, भाषेला काय व्हायचं ते होवो.

डिसेंबरात अधिवेशनाला तुम्ही बेळगावजवळ हलग्याच्या सुवर्ण विधानसौधला याल. तिथून माझं गाव फार लांब नाही. आपण आलात तर आनंद, नाहीतर खात्याचा एखादा डॉक्टर पाठवा, आधी न कळवता पाठवा. दुकान सकाळी नऊ ते रात्री नऊ उघडं असतं. गुरुवारी बंद, पण दाणा-पाणी करायला मी त्या दिवशीही साडेसातला येतोच. शटर अर्धं वर असेल, वाकून आत यावं.

आपला,
पशुखाद्याचं लायसन असलेला पक्षीवाला