रेडवूडचं रान फक्त जुलैत नसतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत कॅलिफोर्नियातल्या रेडवूडच्या जंगलावर आलेला प्रवासलेख वाचला. लिहिलाय मनापासून, पण दोन गोष्टी खटकल्या. पहिली बारीकशी. लेखासोबतचा फोटो सिएरा नेवाडातल्या जायंट सिकोयाचा आहे. ते झाड डोंगरातलं, बर्फ सोसणारं, घेराने आणि आकारमानाने थोर. किनाऱ्यावरचं रेडवूड त्याच्या नात्यातलं, पण अंगाने सडसडीत आणि उंचीला कुणाला न ऐकणारं. जगातलं सर्वांत उंच ज्ञात झाड याच जातीचं आहे, ११५ मीटरच्या वर. दुसरी गोष्ट मोठी आणि तिच्यासाठीच हे पत्र : ‘जून-जुलैत जावे, इतर वेळी तिथे काही नसते’ हा लेखातला सल्ला.

मी ट्रिनिडाड आणि ऑरिक या गावांच्या दरम्यान, हायवे १०१ पासून जरा आत, एका छोट्या खासगी कॅम्पग्राउंडचं, म्हणजे तंबू ठोकून राहायच्या जागेचं, ऑफिस सांभाळते. म्हणजे बुकिंग, हिशेब, सरपणाच्या मोळ्या, शॉवरच्या मशिनसाठी सुटी नाणी, आणि ‘इथे फोनला रेंज का नाही?’ या प्रश्नाला रोज नव्याने उत्तर. मालक नवरा-बायको बाराही महिने इथेच राहतात. म्हणून ‘इतर वेळी काही नसते’ हे वाक्य जरा लागलं.

आधी जुलैचंच सांगते. मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी मेमोरियल डे असतो. त्या सुट्टीपासून सप्टेंबरच्या लेबर डेपर्यंत आमचा हंगाम. सॅन फ्रान्सिस्कोहून पाचएकशे किलोमीटर गाडी हाकत लोक येतात, हाफ पँट आणि पातळ टी-शर्टात उतरतात आणि लगेच गाडीत शिरून स्वेटर शोधू लागतात. जवळच्या युरेकात ऐन जुलैत दुपारचा पारा सरासरी १७-१८ अंशांपर्यंतच जातो. समुद्रावरून धुकं येतं आणि कित्येकदा दुपारपर्यंत हलत नाही. सकाळी ऑफिसात हमखास विचारणा होते, ‘रात्री पाऊस झाला का?’ झालेला नसतो. रेडवूडची बारीक पानं धुकं गाळतात आणि ते पाणी रात्रभर तंबूवर टपटपत राहतं. इथल्या उन्हाळ्यात पाऊस जवळजवळ नसतो. झाडाला वर्षभरात मिळणाऱ्या पाण्याचा साधारण तिसरा हिस्सा या धुक्यातून येऊ शकतो. काही पाणी तर ते थेट पानांतून पितं. तेव्हा धुक्यामुळे सहल वाया गेली म्हणून कुणी पैसे परत मागितले, की मालकीणबाई शांतपणे वर बोट दाखवतात. पैसे अर्थात देत नाहीत.

उन्हाळ्यात येणाऱ्यांना एक कळकळीची विनंती आहे. मुलांकडे आलेले आपल्याकडचे आईबाबाही याच दिवसांत येतात, म्हणून मराठीत लिहिते. टेबलावर निळा, काळ्या तुऱ्याचा एक धीट पक्षी येऊन बसतो. तो स्टेलर्स जे, कावळ्याच्याच कुळातला. त्याला चिवड्याचा एक दाणाही घालू नका. कावळ्याला घास ठेवणाऱ्या हातांना हे जड जातं, मला ठाऊक आहे. पण याच जंगलात मार्बल्ड मरलेट नावाचा एक छोटा समुद्रपक्षी येतो. मासे पकडतो समुद्रात आणि अंडं घालतो आत जंगलात, जुन्या झाडाच्या उंच, शेवाळलेल्या फांदीवर. एका विणीत एकच अंडं. कॅलिफोर्नियात त्याचं घरटं पहिल्यांदा सापडलं ते १९७४ साली, तेही झाडावर चढलेल्या एका कामगाराला. १९९२ पासून तो अमेरिकी केंद्र सरकारच्या संकटग्रस्त यादीत आहे. जिथे माणसांचं खरकटं, तिथे स्टेलर्स जे आणि डोमकावळे जमतात, आणि जमले की ती अंडी-पिल्लं शोधून खातात. तेव्हाच्या हम्बोल्ट स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी यावर एक खट्याळ उपाय करून पाहिला : कोंबडीची छोटी अंडी मरलेटच्या अंड्यांसारखी रंगवायची, आत मळमळ आणणारं औषध घालायचं आणि ती रानात ठेवायची. एकदा पोट ढवळलं की स्टेलर्स जे त्या रंगाच्या वाटेला जात नाहीत. सरकारी उद्यानांत खरकट्याबद्दल पाट्या असतात, रेंजर असतो. आमच्याकडे संध्याकाळी टेबलं पुसत फिरणारी मी आहे.

जगातलं सर्वांत उंच झाड ‘हायपेरियन’ कुठे आहे, हेही विचारू नका. मला माहीत असतं तरी सांगितलं नसतं. ते इथल्या राष्ट्रीय उद्यानात आहे आणि २०२२ पासून त्याच्या आसपास जायला बंदी आहे. पाच हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. एवढं मोठं झाड, पण मुळं जेमतेम तीन-चार मीटर खोल, पसरतात मात्र दूरवर. बघ्यांच्या पावलांनी बुंध्याजवळची माती दबते, नेचे तुडवले जातात.

लेबर डेनंतर आमच्याकडची वर्दळ एकदम ओसरते, आणि गंमत म्हणजे खरं ऊन तेव्हा पडतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात आकाश सर्वांत मोकळं असतं. मोठ्या पानांचे मेपल पिवळे होतात, हकलबेरी पिकते. रुझवेल्ट एल्क या थोराड हरणांचे नर माजावर असतात. सकाळी त्यांची शिट्टीसारखी आरोळी ऑफिसपर्यंत ऐकू येते. फोटोसाठी जवळ जाऊ नका, त्यांची शिंगं शोभेची नाहीत. उन्हाळाभर आमच्याकडे काम करणारी मंडळीही याच सुमारास हलतात. ही बहुतेक निवृत्त जोडपी. स्वतःच्या आरव्हीत, म्हणजे घरासारख्या गाडीत, राहतात, जागा आणि वीज-पाण्याच्या बदल्यात गवत कापतात, स्वच्छतागृहं धुतात, आणि थंडी पडायच्या आत अॅरिझोनाच्या वाळवंटाकडे निघतात. जाताना नळीची गुंडाळी कशी करायची यावर मालकांशी दरवर्षी तोच वाद घालतात.

मग पाऊस. नोव्हेंबर ते मार्च तो मनसोक्त कोसळतो. नदी-ओढ्यांना पाणी चढलं की सॅमन मासे समुद्रातून अंडी घालायला वर येतात. डिसेंबर-जानेवारीत ट्रिनिडाडच्या टेकडीवरून दक्षिणेकडे निघालेले करडे देवमासे दिसतात. वीज जाते, जनरेटर घरघरतो, पायवाटेवर बोटभर लांबीचे पिवळे बनाना स्लग, म्हणजे बिनशंखाच्या गोगलगायी, फिरतात. मार्चमध्ये ट्रिलियमची तीन पाकळ्यांची पांढरी फुलं उमलतात, जुनी होता होता गुलाबी-जांभळी होतात, आणि मालक खडीचा ट्रक मागवून वाहून गेलेला रस्ता भरायला घेतात. लेखातलं ‘काही नसते’ ते हे.

हिवाळ्यात यायचंच असेल तर आधी फोन करा, कारण त्या दिवसांत आमच्या मोजक्याच जागा उघड्या असतात. सरपण सोबत आणू नका. लाकडातून कीड आणि रोग एका रानातून दुसऱ्यात जातात, इथलंच विकत घ्या. आणि वादळी वाऱ्यात साठ-सत्तर मीटरवरून वाळक्या फांद्या सुटतात, म्हणून तसा इशारा आला की मालक स्वतःच बुकिंग रद्द करून सगळे पैसे परत करतात. त्यावर कृपया माझ्याशी हुज्जत घालू नये.

आपली एक वाचक,
हम्बोल्ट काउंटी, कॅलिफोर्निया