निरोप पटलापलीकडे जातो कसा, तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला रोगप्रतिकारशक्तीवरचा लेख वाचला. ‘रिसेप्टर शत्रूला ओळखतो आणि टी पेशी कामाला लागते’ एवढ्यावर त्यात भागवलं आहे. रिसेप्टर म्हणजे टी पेशी या पांढऱ्या रक्तपेशीच्या पटलावरचं, म्हणजे बाहेरच्या आवरणावरचं, ओळखणारं प्रथिन. मी बारावीला जीवशास्त्र शिकवते. मुलं नेमकी इथेच अडवतात: परक्या प्रथिनाचा तुकडा बाहेरच राहिला, मग आत कळलं कसं?

प्रश्न रास्त आहे. रिसेप्टरमधल्या, ओळख पटवणाऱ्या अल्फा आणि बीटा या प्रथिन-साखळ्यांची पेशीच्या आतली शेपटी जेमतेम काही अमिनो आम्लांची. तिच्याकडून निरोप जाणं शक्यच नाही. ते काम त्यांना बिलगलेल्या सीडी३ आणि झीटा मिळून सहा साखळ्या करतात. त्यांच्या लांब शेपट्यांवर एकूण १० ठरावीक पट्टे असतात, प्रत्येकात टायरोसिन हे अमिनो आम्ल दोनदा. एलसीके नावाचं विकर या टायरोसिनवर फॉस्फेट चढवतं, तिथे झॅप-७० हे दुसरं विकर येऊन बसतं आणि पुढच्या घडामोडी सुरू होतात. आतलं कॅल्शियम वाढतं, जनुकं जागी होतात.

एरवी हे का होत नाही? कारण सीडी४५ हे प्रथिन चढलेलं फॉस्फेट उतरवत असतं. त्याचा बाहेरचा भाग उंच असतो. दोन पेशी सुमारे १५ नॅनोमीटरइतक्या जवळ आल्या की तिथे ते मावत नाही, बाजूला सरतं आणि एलसीकेचं पारडं जड होतं. काही संशोधक मात्र रिसेप्टरला बसणाऱ्या ओढीला जास्त महत्त्व देतात. हा वाद मिटलेला नाही, आणि तोही वाचकांपर्यंत पोचायला हवा. विज्ञान कसं चालतं ते त्यातूनच कळतं.

हा तपशील फक्त परीक्षेपुरता नाही. काही बालकांत जन्मतःच झॅप-७० नसतं. त्यांच्या रक्तात सीडी४ या प्रकारच्या टी पेशी असतात, त्यांवर रिसेप्टरही असतो, तरी त्या पेशी ढिम्म. साधे संसर्गही जिवावर बेततात. उलट, २०१७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या कार-टी उपचारात टी पेशीला कृत्रिम रिसेप्टर बसवतात; त्यात बाहेर अँटीबॉडीचा ओळखणारा भाग आणि आत झीटाची शेपटी जोडलेली असते. कर्करोगावरच्या या उपचाराच्या बातम्या आपण ठळक छापता. त्यातली ही जोडणी मात्र एका ओळीतही येत नाही.

कुलूप-किल्लीचं चित्र पुरे झालं. पुढच्या लेखासोबत आकृती द्याल तेव्हा पटलाच्या खालची बाजूही काढा, शेपट्यांसकट. मी ती वर्गात लावीन.

आपली नम्र,
एक जीवशास्त्र शिक्षिका