शकिब आधी फलंदाज होता

महोदय,
बांगलादेशचा क्रिकेटपटू शकिब अल हसन पहिल्यापासून फिरकीपटूच होता, ही पार्क मैदानाच्या कट्ट्यावरची समजूत खरी नाही. ऑगस्ट २००६ मध्ये हरारेत त्याचे वनडे पदार्पण झाले. २००७ च्या विश्वचषकात तो आपल्याला बोचला तोही ५३ धावा करून. चित्र पालटले ते ऑक्टोबर २००८ मध्ये, चितगावला न्यूझीलंडविरुद्ध ३६ धावांत ७ बळी घेतल्यावर (कसोटी मात्र बांगलादेश हरला). नवशिके डावखुरे फिरकीपटू प्रत्येक चेंडू वळवायला जातात. मग टप्पा आखूड पडतो आणि फलंदाज मागे सरून कट मारतो. शकिब टप्पा सोडत नसे, अधूनमधून एखादा चेंडू न वळता सरळ आत घुसवायचा. जानेवारी २००९ मध्ये वनडे अष्टपैलूंच्या क्रमवारीत तो पहिला आला.

– काही क्रिकेटप्रेमी, सोलापूर