बाबा, आता बेस ऐकू येईल

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण बाबांना फोनवर नीट ऐकू येत नाही, आणि आई त्यांना सांगताना निम्मं गाळते. म्हणून लिहितेय.

शनिवारी आमच्या जुन्या बँडचा कार्यक्रम होता. मी सोडल्यावरही त्यांनी तो चालू ठेवलाय. माझ्या जागी एक तरुण मुलगा बेस गिटार वाजवतो, आणि चांगला वाजवतो (हे लिहिताना जरा जड गेलं). मी कुणालाच कळवलं नव्हतं. तिकीट काढून गेले आणि पार मागे उभी राहिले.

स्टेजवर अजून अंधार होता. ड्रमरने काठ्या चार वेळा आपटल्या आणि गाणं सुरू व्हायच्या आतच मी ओळखलं, हा तोच. चौथी टिचकी किंचित लवकर. बाबा ज्याला ‘ढोलवाला’ म्हणायचे, तो. केस गेलेत, पोट सुटलंय, घाई मात्र जशीच्या तशी आहे. गिटारवाला बरोब्बर उलटा, ठोक्याच्या जरा मागे रेंगाळणारा. त्या दोघांच्या मधल्या फटीत माझी कितीतरी वर्षं गेली. एकाला आवरायचं आणि दुसऱ्याला ओढायचं, बेसवाल्याचं काम खरं तर एवढंच.

बाबा, तुम्ही विचारायचात, “एवढ्याशा खोलीत कोंडून घेऊन एकच गाणं तासन्‌तास काय घोटता?” तेव्हा मला धड सांगता यायचं नाही, आता सांगते. आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. मोठ्या स्टेजवर दहा मीटरवर उभ्या असलेल्याचा सूर आपल्यापर्यंत यायला सेकंदाचा जवळजवळ तिसावा-पस्तिसावा भाग लागतो. ऐकायला काहीच नाही, पण तेवढ्यानेही ताल सैल पडतो. म्हणून तर वाजवणाऱ्यांना एकमेकांचं ऐकू यावं म्हणून पायाशी मॉनिटर, म्हणजे छोटे स्पीकर, ठेवतात आणि बेसवाला ड्रमला चिकटून उभा राहतो. आमच्या त्या खोलीत गुडघ्याला गुडघा लागायचा. कोण कधी श्वास घेतो, कुणाचा खांदा कधी वर जातो, सगळं तिथेच कळायचं. घोटत होतो ते गाणं कमी आणि एकमेकांना जास्त.

मध्यंतरात गायिकेने मला गर्दीत हेरलं. मग काय! आरडाओरडा, मिठ्या, “तू जाड झालीस”, “तू टकला झालास”. त्या मुलाने काही न बोलता स्वतःचा बेस माझ्या गळ्यात अडकवला. आमचं पहिलंवहिलं गाणं वाजवायचं ठरलं. मी खालच्या तारेवर बोट ठेवणार तोच गिटारवाला कानाशी येऊन म्हणाला, “पांढरी दोन.” म्हणजे पेटीच्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीच्या सुरात. पूर्वी आम्ही ते त्याहून वर, पांढरी तीनमध्ये करायचो. गायिकेचा आवाज आता खाली आलाय, आणि खरं सांगू, भारदस्त झालाय, मला तर आताचाच जास्त आवडला. कीबोर्डवाल्याचं बरं असतं, एक बटण दाबलं की झालं. पण चार तारांच्या बेसची सगळ्यात खालची मोकळी तार पांढरी तीनची, त्याखाली स्वरच नाही. मग तिथल्या तिथे खुंटी पिळून ती तार दोन घरं उतरवली. तार ढिली झाली की बोटाखाली लुळी पडते, जरा जोराने दाबली तर सूर चढतो. हलक्या हाताने सगळं निभावलं. कुठे थांबायचं, कुठे भरायचं, कुणीच कुणाला खुणावलं नाही. ड्रमर नेहमीच्याच जागी पळाला आणि मी नेहमीच्याच जागी त्याला धरला. तो हसला, बास.

बोटांचे घट्टे केव्हाच गेलेत, त्यामुळे आता दोन फोड आलेत. आई, त्यावर काही लावायला सांगू नकोस, आपोआप बसतील. आणि कानांचं विचारशीलच, तर मी कानात बोळे घालून गेले होते. 85 डेसिबलचा आवाज कानांना आठ तास चालतो, पण 100 डेसिबलला पंधरा मिनिटांतच ती मर्यादा गाठली जाते. ड्रमरच्या एका कानात आता कायम शिट्टी वाजते. तरुणपणी आम्ही कुणीच बोळे घालायचो नाही.

बाबा, तुमची दुसरी तक्रार आठवते? “तुझं वाद्य ऐकूच येत नाही, मग वाजवतेस कशाला?” तेव्हा तुम्ही आमच्या टेपा त्या छोट्या स्पीकरवर ऐकायचात. बेसची खालची तार सेकंदाला सुमारे 41 वेळा थरथरते, एवढा खालचा सूर त्या डबीतून निघणारच नव्हता. हॉलमध्ये तो छातीत येतो, पायाखालच्या फळ्यांतून येतो. आणि वयाने कान उतरतात तेव्हा सहसा आधी वरचे सूर जातात, खालचे बरेच टिकतात. म्हणजे झांजा-बिंजा तुम्हाला आता फारशा ऐकू येणार नाहीत, पण मी येईन. पुढच्या कार्यक्रमात दोन गाणी माझ्याकडे आहेत. तुम्ही यायचंच, खुर्च्या मी बाजूला ठेवून घेते, स्पीकरच्या तोंडाशी नाही, जरा कडेला.

त्यासाठी माझा जुना बेस लागेल. तो माळ्यावर काळ्या पेटीत आहे. तारा इतकी वर्षं ताणलेल्याच राहिल्यात, त्यामुळे दांडी वाकली असणार. ती दुरुस्त होते, काळजी नको. मी आले की काढीन. आई, तू स्टुलावर चढायचं नाहीस. आणि बाबा, कुणाकडून खाली काढून घेतलात तरी खुंट्या पिळून बघू नका. गंजलेली तार तुटली तर सपकन हातावर बसते.

तुमची,
धाकटी

ता. क. ‘ढोलवाल्या’ने तुम्हा दोघांना नमस्कार सांगितलाय. बाबा त्याला काय म्हणायचे हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं म्हणे.